खलनायक कुठल्या गावचा?

नाटकावर मत द्यावयाचे तर चार नाटके वाचलेली असावीत, गाण्यावर द्यावयाचे तर निदान कान तयार असावा, अशी अपेक्षा आपल्याकडे अजूनही बाळगली जाते. चित्रपटाच्या बाबतीत असा कोणताच निर्बंध नाही. पूर्वी तिकिटाचा अर्धा तुकडा खिशात असला की माणूस टीकाकार होई. आता घरच्या घरी चित्रपट दिसू लागल्यापासून तोही लागत नाही. या सवलतीचा फायदा घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत. आमचा व्यवसाय वकिलीचा. त्यामुळे छायालेखकाने कॅमेरा कोठे ठेविला यापेक्षा दिग्दर्शकाने आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे केले, याकडे आमचे लक्ष आधी जाते. वाचकांनी ही व्यावसायिक खोड सांभाळून घ्यावी.

गेल्या शनिवारी आणि रविवारी आम्ही डिचोलीत एका स्नेह्यांच्या घरी चार चित्रपट ओळीने पाहिले. तीन मराठी आणि एक कोंकणी : ‘दशावतार’, ‘पिकासो’, ‘कोर्ट’ आणि ‘पलतडचो मुनीस’. निवड आमची नव्हती. दोन चित्रपट घरातील तरुण मंडळींनी सुचविले, दोन वडीलधाऱ्यांनी. त्यामुळे या चौघांत काही नाते असेल असे पाहावयास बसताना वाटले नव्हते. रविवारी रात्री शेवटचा चित्रपट संपला तेव्हा मात्र ध्यानात आले की चारही कलाकृती एकच प्रश्न विचारीत आहेत आणि चार निरनिराळी उत्तरे देत आहेत. प्रश्न असा : दुबळ्यावर, गावावर, रानावर अन्याय होतो तेव्हा तो करणारा माणूस असतो कुठला? बाहेरून आलेला, की आपल्याच आळीतला? पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला या प्रश्नाकडे करमणूक म्हणून पाहता येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ‘दशावतार’. सुबोध खानोलकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि मराठी चित्रपटाला प्रेक्षक मिळत नाही, या नेहमीच्या रडगाण्याला त्याने चांगले उत्तर दिले. बाबुली मेस्त्री हा तळकोकणातील म्हातारा दशावतारी नट. नजर अधू होत चालली आहे, मुलगा रंगभूमी सोडण्याचा आग्रह धरीत आहे, पण तोंडाला रंग लावल्याखेरीज या माणसाला जगता येत नाही. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या दिलीप प्रभावळकरांनी ही भूमिका ज्या ताकदीने वठविली आहे तिला तोड नाही. अधू डोळ्यांचा अभिनय करणारे नट बहुधा भिंती चाचपडत फिरतात. प्रभावळकर तसे करीत नाहीत. त्यांचा बाबुली घरात जरा सावधपणे वावरतो आणि रंगमंचावर मात्र निःशंक होतो. ज्या जागेची लांबीरुंदी पायांनी मोजलेली आहे तेथे डोळ्यांची गरज काय, हे एक वाक्यही न बोलता त्यांनी दाखविले आहे.

आमच्याकडील प्रेक्षकाला दशावतार समजावून द्यावा लागत नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पेडण्याच्या देवळादेवळांतून, आणि डिचोली-सत्तरीच्या कित्येक गावांतून, दहीकाला उभा राहतोच. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरली की संवाद ज्याचे त्याने जागच्या जागी रचावयाचे. पुरुषांनीच स्त्रियांची कामे करावयाची, ज्याने त्याने आपले तोंड आपणच रंगवावयाचे. एक लाकडी बाक असतो. तोच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या सामग्रीवर पहाटेपर्यंत स्वर्ग आणि पाताळ उभे राहतात. चित्रपटाने हे सारे आस्थेने टिपले आहे. त्यातील मालवणी बोली ही पेडण्याच्या बोलीची सख्खी चुलत बहीण. कित्येक वाक्ये ऐकताना स्नेह्यांच्या घरातील म्हाताऱ्या मंडळींचे चेहरे उजळलेले आम्ही पाहिले.

कथा पुढे सरकते ती खाणीच्या वाटेने. गावचे रान आणि देवाची राखण असलेली जागा खाणीसाठी पोखरण्याचा बेत होतो. त्या बेतापायी बाबुलीच्या मुलाचा बळी जातो. मग म्हातारा नट, ज्या अवतारांची सोंगे त्याने आयुष्यभर वठविली तेच अवतार धारण करून, एकेका दुष्टाचा हिशेब चुकता करतो. कल्पना नामी आहे, आणि पडद्यावर ती अतिशय परिणामकारक झाली आहे हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या शेजारी बसलेली मुले टाळ्या वाजवीत होती. आम्हीही एकदोनदा वाजविल्या.

तथापि टाळ्या थांबल्यावर जो प्रश्न उरतो तो विचारलाच पाहिजे, कारण तो चित्रपट आम्ही डिचोलीत बसून पाहिला. या तालुक्यात खाण ही गोष्ट पडद्यावर प्रथम पाहावी लागत नाही. ती खिडकीतून दिसते. पोर्तुगीज अमदानीत दिल्या गेलेल्या खाणींच्या सवलतींचे १९८७ च्या कायद्याने खाणपट्टे झाले, आणि तेही २० डिसेंबर १९६१ पासून झाले असे मानले गेले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये शाह आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद ठेवण्याचा आदेश दिला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने असे ठरविले की या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. त्यानंतर सरकारने जे ८८ पट्टे पुन्हा नूतन करून दिले, ते ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव होऊन नवा अध्याय सुरू झाला. त्या पहिल्या चार गटांपैकी डिचोली, शिरगाव-मये आणि मोंत द शिरगाव हे तीन एकट्या आमच्या तालुक्यातले.

ही जंत्री आम्ही विद्वत्ता दाखविण्यासाठी दिलेली नाही. या साऱ्या लढाईत एकही अवतार झाला नाही, एवढेच दाखवावयाचे आहे. झाले ते अर्ज, प्रतिज्ञापत्रे, नकाशे, ग्रामसभेतील आरडाओरड आणि तारखा. आणि महत्त्वाची गोष्ट ही की या लढाईच्या दोन्ही बाजूंना येथलीच माणसे होती. ज्या वाड्यावरची विहीर आटली त्याच वाड्यावर खनिज वाहणारा ट्रक उभा होता, आणि तो बाहेरच्या कोणा धनाढ्याचा नव्हता, कर्ज काढून घेतलेला शेजाऱ्याचा होता. खाणी थांबल्या तेव्हा एका घरात झऱ्याला पाणी येईल अशी आशा होती, तर दुसऱ्या घरात बँकेच्या हप्त्याची चिंता. पुष्कळदा ती दोन्ही घरे एकाच आडनावाची आणि एकाच अंगणातली असत. आमच्या कचेरीत असे पक्षकार आलेले आहेत : थोरल्याच्या नावे कुळागर, धाकट्याच्या नावे ट्रक, आणि म्हातारी आई दोघांच्या मध्ये. यातला राक्षस कोणता, आणि अवताराने कोणावर शस्त्र उगारावे?

पेडण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. मोपाच्या पठारावरील विमानतळाला मिळालेला पर्यावरण दाखला सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केला आणि १६ जानेवारी २०२० रोजी ती स्थगिती उठविली. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. झाडे गेली म्हणून हळहळणारे आणि मुलाला तेथे नोकरी लागावी म्हणून चिठ्ठी मागणारे, हे दोन वेगवेगळे लोक आहेत अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी पेडण्याच्या बाजारात एक सकाळ घालवावी.

‘दशावतार’मधील खलनायक सुटाबुटातले आहेत, सत्तेतले आहेत, पैशाने माजलेले आहेत. असे लोक जगात नाहीत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आहेत, आणि पुष्कळ आहेत. पण त्यांना मारून गावाचा प्रश्न सुटतो असे दाखविताना चित्रपटाने गावाला फार स्वस्तात निर्दोष सोडले आहे. जमिनीच्या कागदावर सही करणारा, ग्रामसभेला त्या दिवशी मुद्दाम गैरहजर राहणारा, माहीत असून गप्प बसणारा, या साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नाही. कायद्याचे एक जुने तत्त्व आहे की स्वतःच्या फिर्यादीत कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये. बाबुली फिर्यादी आहे, न्यायाधीश आहे आणि शिक्षेची अंमलबजावणी करणाराही आहे. त्याच्या दुःखाने आमचे मन भरून आले. त्याच्या न्यायाने मात्र भरले नाही.

शनिवारी रात्री पाहिलेला ‘पिकासो’ हा दशावतारावरचाच दुसरा चित्रपट, पण त्याची जातकुळी अगदी निराळी. अभिजीत वारंग यांचा हा चित्रपट मार्च २०२१ मध्ये थेट घरच्या पडद्यावर आला. ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला होता. लांबी जेमतेम सव्वा तासाची. चित्रे काढणारा एक शाळकरी मुलगा, गंधर्व, शिष्यवृत्तीसाठी निवडला जातो; पुढे जाण्यासाठी फी भरावयाची असते आणि मुदत अगदी तोंडावर आलेली असते. बाप दशावतारी नट, कर्जाने आणि दारूने खचलेला. प्रसाद ओक यांनी हा बाप उभा केला आहे. मुलगा पैशासाठी बापाला शोधीत दुसऱ्या गावी जातो आणि तेथे त्या रात्रीचा प्रयोग सुरू होतो. गोष्ट संपली.

या चित्रपटात खलनायक नाहीच. सावकार नाही, पुढारी नाही, कारखानदार नाही. जो मुलाच्या वाटेत उभा आहे तो त्याचा स्वतःचा बाप, आणि बापाच्या वाटेत उभी आहे त्याची स्वतःची बाटली. तरीही प्रेक्षकाला बापाचा राग येत नाही. ज्या नटाने रात्रभर राजा व्हावयाचे आणि सकाळी बिदागी मोजताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावयाचे, त्याच्या हातून घर का सावरत नाही, हे न सांगता कळते. ‘दशावतार’मध्ये नटाचा वेष अद्भुत होतो, ‘पिकासो’मध्ये तो उतरवून पेटाऱ्यात ठेवावा लागतो, आणि तो उतरवितानाचा क्षणच आम्हांला अधिक खरा वाटला. उणीव दाखवावयाचीच तर शेवटाकडची. एका रात्रीच्या प्रयोगाने घराचे इतक्या दिवसांचे दुखणे बरे होईल काय, ही शंका उरतेच. तथापि लहान चित्रपटाने लहान राहण्याचे धैर्य दाखविणे हे आजकाल दुर्मिळ झाले आहे. ते येथे दिसले, म्हणून हा चित्रपट घरातील मुलांना घेऊन पाहावा अशी आमची शिफारस आहे.

रविवारी सकाळी ‘कोर्ट’ लावला गेला तेव्हा घरातील मंडळींनी आमच्याकडे मिस्किलपणे पाहिले. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन सन्मान मिळाले, त्याच वर्षासाठीचे सर्वोत्तम चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे चित्रपटगृहांत आला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा की त्याचे गाणे ऐकून एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. अभिनय म्हणावा असे त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि तेच त्यांचे यश आहे.

हिंदी चित्रपटांतील न्यायालय पाहून आमच्या व्यवसायबंधूंना हसावे की रडावे हे कळत नाही. तेथे वकील आरोपीच्या अंगावर धावून जातात, साक्षीदार ऐन वेळी दारातून आत येतो, आणि न्यायाधीश डोळे पुसतो. ‘कोर्ट’मधील न्यायालय मात्र आम्ही रोज पाहतो ते आहे. आरोपपत्र एका सुरात, श्वास न घेता वाचले जाते. साक्षीदार आजारी असतो. कागद आलेला नसतो. तारीख पडते. बिनबाह्यांचा पोषाख घालून आली म्हणून एका बाईचे प्रकरण त्या दिवशी ऐकून घेतले जात नाही, आणि कोणालाही त्यात काही विपरीत वाटत नाही.

या चित्रपटाचे मोठे सामर्थ्य हे की तो प्रत्येकाच्या मागे त्याच्या घरापर्यंत जातो. गीतांजली कुलकर्णी यांनी रंगविलेली सरकारी वकील आरोपीला तुरुंगात ठेवण्यासाठी पोटतिडकीने युक्तिवाद करते. काम सुटल्यावर ती लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी घरच्यांसह नाटकाला जाते. बचावाचा वकील विवेकी आणि उदार आहे, पण त्याची दुकाने वेगळी, संगीत वेगळे, आणि ज्याची बाजू तो मांडतो त्याच्या वस्तीत तो पाहुणाच राहतो. न्यायाधीश सहलीला जातो, गप्पा मारतो, बागेत डुलकी काढतो. यांपैकी कोणीही दुष्ट नाही. तरीही त्या सर्वांच्या हातून एका म्हाताऱ्याचे आयुष्य तारीखवार खर्च होत जाते. न्यायालयाचे काम संपल्यावर दिवे मालवून खोली रिकामी होते, ते दृश्य ताम्हाणे इतका वेळ दाखवितात की पाहणाराला अवघडल्यासारखे व्हावे.

चित्रपट संपल्यावर घरातील एका तरुणाने निर्वाळा दिला की येथे खलनायक म्हणजे ‘यंत्रणा’. हा शब्द हल्ली फार वापरला जातो आणि तो फार सोयीचा आहे. यंत्रणेला आडनाव नसते, तिला कोणाच्या घरी जेवावयास जावे लागत नाही, आणि तिच्यात आपण स्वतः कधीच नसतो. यंत्रणा म्हणजे पुन्हा एक बाहेरचा राक्षसच. ताम्हाणे यांनी नेमकी हीच पळवाट बंद केली आहे. त्यांनी यंत्रणेला जेवणाचा डबा दिला, मुले दिली, गुडघेदुखी आणि मतेही दिली. ती आपल्यासारखी दिसू लागते. एका वकिलाला त्या दोन तासांत आपले कोणकोणते सहकारी आठवले हे येथे लिहिणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. आणि केवळ सहकारीच आठवले असेही नाही.

शेवटचा ‘पलतडचो मुनीस’. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा हा २००९ चा कोंकणी चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक मिळवून आला आणि कोंकणी चित्रपटाचे नाव जगाच्या कानावर गेले. १९५० मध्ये म्हापशाच्या जेरी ब्रागांझांनी ‘मोगाचो आंवडो’ काढला, तेव्हापासून कोंकणी चित्रपटाची वाट खाचखळग्यांची आहे. १९६३ चा ‘आमचें नशीब’ आणि १९६६ चा ‘निर्मोण’ हे तिच्यातील दोन ठळक मैलाचे दगड. पण मध्ये कित्येक वर्षे नुसते माळरान. अशा वाटेवर हा चित्रपट अवचित भेटलेल्या वडाच्या झाडासारखा आहे. कथा महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ या कादंबरीवरून घेतली आहे. सैल हे कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहिणारे लेखक. भाषांच्या भांडणात आयुष्य घालविलेल्या आमच्या पिढीने याचीही नोंद घ्यावी.

सह्याद्रीच्या रानात एकटा राहणारा विनायक हा वनरक्षक. बायको वारली आहे. त्या रानात एक वेडी बाई भटकत येते, भुकेने आणि थंडीने गारठलेली. तो तिला प्रथम हाकलून पाहतो, मग खाऊ घालतो, मग आसरा देतो. आणि हळूहळू त्या दोघांचे जे काही होते त्याला नाव देणे कठीण आहे. चित्तरंजन गिरी आणि वीणा जामकर या दोघांनी शब्दांची मदत फारशी न घेता हे सारे उभे केले आहे. जामकर यांनी वेड ‘करून’ दाखविलेले नाही. तिच्या डोळ्यांत भीती आहे, मग सवय आहे, मग विश्वास आहे, आणि एवढेच आहे.

गावाला हे मानवत नाही. जोवर ती बाई रानात कुत्र्यामांजरासारखी हिंडत होती तोवर गावाची नीती शाबूत होती. तिला छप्पर मिळाले तेव्हा ती बिघडली. आणि याच गावाचा दुसरीकडे रानाच्या जमिनीत देऊळ उभारण्याचा घाट चाललेला आहे, पुढारी त्यात आहेत, श्रद्धाही त्यात आहे. कायदा सांगतो की येथे बांधकाम चालणार नाही. तो कायदा सांगणारा एकटा विनायक. आता येथे आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे करावयाचे? खाणीची कंपनी नाही, परदेशी पाहुणा नाही, मुंबईचा दलाल नाही. देवावर भक्ती असलेले, एकमेकांच्या लग्नकार्याला धावणारे, आपल्यासारखेच लोक आहेत. आणि नेमक्या या लोकांकडून एका दुबळ्या बाईवर आणि मुक्या रानावर अन्याय होतो आहे. दिग्दर्शक त्यांचा धिक्कार करीत नाही, त्यांची टिंगलही करीत नाही. तो फक्त त्यांना उजेडात धरतो. चार चित्रपटांत हा आम्हांला श्रेष्ठ वाटला तो याच कारणासाठी. त्याची गती संथ आहे, काही प्रसंग तर इतके संथ की घरातील मुले मोबाइलकडे वळली. पण रान संथच असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, ज्या माणसाचा दावा पंधरा-वीस वर्षे रखडला, ज्याच्या विहिरीचे पाणी गेले आणि कागद मात्र भिजत पडले, त्याला दोन-अडीच तास अवताराचा विजय पाहावयास मिळाला तर तुमचे काय बिघडते? वकिलांनी तरी हे बोलू नये. शिवाय पुराणातला विष्णू तरी कोठे तारखा देत बसला होता? दुष्टांचा संहार हा आपल्या रंगभूमीचा आत्माच आहे.

पहिल्या भागाला आमचे उत्तर असे की बिघडते, कारण टाळी वाजविली की अंगातली वाफ निघून जाते. पडद्यावर राक्षस मेला की घरी जाताना मन हलके होते, आणि सोमवारी ग्रामसभा असते हे विसरावयास होते. शिरगावच्या लोकांनी विहिरींचा आणि खाणींच्या खोलीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे नेला तेव्हा त्यांच्यापाशी सुदर्शनचक्र नव्हते; पाण्याची पातळी मोजणाऱ्या तज्ज्ञांचा अहवाल होता. तसल्या कामाचा कंटाळा आणणारी करमणूक आम्हांला धोक्याची वाटते. न्यायालय संथ आहे, पुष्कळदा असह्य संथ आहे. ‘कोर्ट’ने ते निर्दयपणे दाखविले. पण उपाय संथपणावर शोधावयाचा आहे. न्यायालयच रद्द करून प्रत्येकाने आपापला नृसिंह व्हावे असे ठरले तर पहिला बळी दुबळाच असेल, कारण दांडग्यांकडेही नखे असतात, आणि ती मोठी असतात.

दुसऱ्या भागाचे उत्तर खुद्द दहीकाल्यातच आहे. मुख्य कथेपूर्वी जो आडदशावतार होतो त्यात संकासुर येतो. काळा पोषाख, मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा हा दैत्य. पण तो बोलतो कोणती भाषा? देव आणि राजे ग्रंथातली मराठी बोलतात. संकासुर मात्र गावची बोली बोलतो. तो पुढे बसलेल्या मंडळींची थट्टा करतो, गावातल्या भानगडी काढतो, आणि लोक पोट धरून हसतात. ज्या अडाणी म्हटल्या गेलेल्या नटांनी ही रचना पिढ्यानपिढ्या चालविली त्यांना पक्के ठाऊक होते की राक्षस परमुलखातून येत नाही. तो आपल्या शेजारी बसतो, आपल्या बोलीत बोलतो, आणि आपल्याला हसवितोही. शेवटी तो मारला जातो हे खरे, पण मारला जाण्यापूर्वी गावाला त्याच्यात आपले तोंड दिसलेले असते. खानोलकरांच्या चित्रपटाने दशावतारातले दहाही अवतार घेतले. हा एक संकासुर तेवढा त्याच्या ध्यानात राहिला नाही. तो घेतला असता तर आज ज्याला आम्ही प्रभावी चित्रपट म्हणतो त्याला थोर म्हणावे लागले असते.

कोणता चित्रपट पाहावा असे कोणी विचारील तर आमचा सल्ला असा : प्रभावळकरांसाठी ‘दशावतार’ पाहावा, मुलांबरोबर ‘पिकासो’ पाहावा, वकिलांनी ‘कोर्ट’ सक्तीने पाहावा, आणि ‘पलतडचो मुनीस’ ग्रामसभेच्या आदल्या रात्री गावाने एकत्र बसून पाहावा. या चारांत नसलेला पाचवा चित्रपट अजून व्हावयाचा आहे. त्यात एका अंगणातली दोन घरे असतील, एकात ट्रकाचा हप्ता, दुसऱ्यात आटलेली विहीर. दोन्ही घरांतले लोक वैशाख शुद्ध पंचमीला लईराईच्या जत्रेत एकाच होमखंडातून चालतील, आणि आठ दिवसांनी न्यायालयात परस्परांविरुद्ध साक्ष देतील. या गोष्टीला मराठी चालेल, कोंकणी चालेल, दोन्ही मिसळल्या तरी चालतील. तिच्यासाठी परराज्यातून खलनायक आणण्याचा खर्च मात्र निर्मात्याने करू नये.